काचेच्या कपाळावर

हसायचं असेल तर हसा, पण जरा हळू हसा. लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये मला आजही लांबून ओळखतात, आणि ती ओळख काही चारचौघांत सांगावी अशी नाही. चहा घ्या आधी. अशा गोष्टी गार चहावर सांगवत नाहीत.

तर गाडी. ती सुनंदानं निवडलेली. मी म्हणत होतो, साधी घेऊ. बायको ऐकेल तर ना! "साधी नको, ती कॅमेऱ्याची घेऊ. तुम्ही गाडी चालवताना मनात गणितं सोडवता. कुणीतरी समोर बघायला पाहिजे."

हा कॅमेरा आरशाच्या मागं, पुढच्या काचेला आतून चिकटून बसलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो, पुढची वाहनं बघतो. आपण पट्टा ओलांडला की टुंई करतो, आणि आपलं लक्षच नसलं तर आपणहून ब्रेक मारतो. सुनंदाला जाऊन आता वर्ष होत आलं. समोर बघायला तो कॅमेराच राहिला.

आणि एक दिवस लोह्याजवळ पुढच्या हायवा डंपरच्या चाकातून दगड उडाला तो थेट काचेवर! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. नांदेडात काच बदलून घेतली. बसवणारा म्हणाला, "सर, कॅमेरा होता तिथंच परत बसवलाय. बिनधास्त चालवा."

बिनधास्त निघालो. नांदेडातच, वजिराबादेत, समोर रस्ता मोकळा, आणि गाडीनं करकचून ब्रेक मारला. माझं नाक स्टिअरिंगला टेकायचं राहिलं. मागचा ऑटोवाला कसाबसा थांबला आणि उतरूनच आला.

"ओ सर, कोण आडवं आलं?"

"कोणी नाही."

"मंग ब्रेक कशाला मारला?"

"मी नाही मारला."

त्यानं गाडीत डोकावून मागची सीटसुद्धा बघितली. "तुमच्याबिगर कोणी दिसंना की आत!"

आता भर रस्त्यात ऑटोवाल्याला कॅमेरा समजावून सांगणार का? मी हात जोडले आणि निघालो. घरी येईपर्यंत गाडीनं आणखी एकदा ब्रेक मारला. या वेळी समोर एक म्हैस होती, पण ती रस्त्याच्या पलीकडं, आपल्या आपण चरत होती.

माझी चूक एवढीच, की हे मी मुग्धाला फोनवर हसत हसत सांगितलं. मुग्धा माझी मुलगी, हैदराबादेत असते. तिच्या कंपनीत ती नेमकं काय करते हे मला कधी कळलं नाही, पण मला ओरडायला तिला वेळ मिळतो.

"बाबा, काच बदलल्यावर कॅमेरा जुळवून घेतला का?"

"होता तिथंच आहे तो."

"तिथंच असून भागत नाही! काच नवी आहे. त्याची नजर केसभर हलली तरी पुढं रस्त्यावर हातभर फरक पडतो. कोनाचं गणित तुम्हीच शिकवलंत ना मला?"

मीच शिकवलं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

"आणि नीट ऐका. पुढच्या महिन्यात मी येतेय. तोवर हे नीट झालं नाही तर गाडी मी घेऊन जाणार. तुम्ही एकटे, आणि गाडी मनात येईल तिथं ब्रेक मारणारी. मला इथं झोप लागत नाही."

"मग मी औशाला कसा जाऊ?"

"बसनं."

ती सहज बोलून गेली. औशाला सुनंदाची आई असते. महिन्यातला एक रविवार मी तिकडं जातो. सासूबाई पुढच्या सीटवर बसतात, किल्ल्यापर्यंत एक चक्कर, मग बाजारातून एक चक्कर. फार बोलणं होत नाही. पण मी गल्लीत शिरताना हॉर्न वाजवायचा, अशी त्यांची ताकीद आहे. जावई अजून येतो, हे गल्लीला कळलं पाहिजे. त्यांना बसची पायरी चढवत नाही. म्हणजे गाडी गेली की चक्कर गेली.

तेव्हा गाडी जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवलं.

मधेच एक सांगायचं राहिलं. गाडीचं काही काम निघालं आणि ते पुरं होऊन गाडी घरी आली, की सुनंदा ताट घेऊन बाहेर यायची. टायर बदललेले असोत नाहीतर नुसती सर्व्हिसिंग असो. काम अर्धवट असेल तर नाही, पुरं झालं तरच. मी गणिताचा मास्तर, शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देणारा. मी फाटकाशी उभा राहून चिडवायचो, "डिकीला नैवेद्य दाखवायचा राहिला बघ." ती आपली ओवाळत राहायची. ती गेल्यावर ताट बंद झालं का? नाही. आता मी उरकतो. का, ते विचारू नका. शेजारचे कदम फिरायला निघायच्या आत, पहाटेच उरकून टाकतो.

असो. कॅमेरा जुळवण्याची सोय लातूरच्या वर्कशॉपमध्ये आहे असं कळलं. सकाळी निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. वाटेत कॅमेऱ्यानं कशाकशाला ब्रेक मारले ते सांगत बसत नाही. एका कमानीला मारला, एवढंच सांगतो.

वर्कशॉपमध्ये इम्रान नावाचा इंजिनिअर होता. तिशीचा, तोंडात सतत बडीशेप. त्यानं आधी गाडी धुवायला पाठवली. "सर, आमच्या इथं रूलच हाय. धुतल्याबिगर गाडी आत घेत न्हाईत." मग डिकी रिकामी करायला लावली. तिच्यात सासूबाईंसाठी घेतलेलं तुरीचं पोतं होतं. ते काढलं. चाकांतली हवा तपासली. मग गाडीसमोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा बोर्ड स्टँडवर उभा केला, ओळंबा लावला, लेझर लावला, आणि गाडीची मध्यरेषा काढायला घेतली.

आता मला सांगा, माझ्यासमोर कुणी मध्य काढायला लागला तर मी गप्प बसेन?

"अहो, असा नसतो काढायचा मध्य. दोन्हीकडून कंस मारा, छेदतील तिथं..."

"सर, लेझर हाय."

"लेझर चुकू शकतो. कंस चुकत नाही."

"तुम्ही तिकडं खुर्चीत बसता का, सर? गाडीसमोर कोणी उभं राहिलं तर त्याला बोर्डाऐवजी माणूसच दिसतो."

खुर्चीत बसलो. तिथूनही दोन-तीन सूचना केल्या. अखेर इम्रान लॅपटॉप मिटून म्हणाला, "एकदम परफेक्ट!"

आणि खरंच परफेक्ट! येताना गाडी अशी आली म्हणता! पट्टा दिसला की ओळखते, ट्रक दिसला की अंतर ठेवते, म्हशी दिसल्या की दुर्लक्ष करते. मी अहमदपूरला थांबून मुग्धाला फोन केला, "झालं काम. आता तू नुसती ये. गाडी न्यायला नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे ताटाचं उरकलं. अंघोळ केली, डबा भरला, शाळेत जायला गाडी सुरू केली. समोर पिवळा दिवा! खाली इंग्रजीत ओळ: पुढचा कॅमेरा काम करत नाही.

मी गाडी बंद केली. चालू केली. बंद केली. चालू केली. दिवा काही जाईना.

"इम्रान, दिवा लागलाय."

"सर, काल तर ओक्के होतं!"

"काल होतं. आज नाही."

"मधी काय केलं तुम्ही?"

"मी काय करणार? रात्रभर दारात उभी होती गाडी!"

आमचं बोलणं कंपाउंडच्या भिंतीवरून कदम ऐकत होते. कदम वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सगळ्या जगाची दुरुस्ती करतात. म्हणाले, "सर, मी कधीचा विचार करून राहिलो. तुम्ही ती लातूरला जुळवली ना? तिथली जमीन सपाट. आपल्या इथं गोदावरीकडं उतार हाय. लातूरच्या सपाटीवर जुळवलेला कॅमेरा नांदेडच्या उताराला कसा चालल?"

मी गणितात एम.एस्सी. आहे. तरी यावर दिवसभर विचार केला. संध्याकाळी मला ते पटलंसुद्धा.

पुढच्या सुट्टीला पुन्हा लातूर. सबंध रस्ता पिवळा दिवा डोळ्यांसमोर. गाडी धुऊन आत घेतली. इम्राननं चालू केली आणि म्हणाला, "सर, दिवा कुठंय?"

"कुठंय म्हणजे? दारात येईपर्यंत होता!"

"या, बघा."

बघितलं. नव्हता. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तिथं कोण होतं? मी, आणि डिकीतलं तुरीचं पोतं.

तरी बिचाऱ्यानं सगळं पुन्हा केलं. बोर्ड, ओळंबा, लेझर. मग विचारलं, "सर, एक विचारतो. काचेवर काही लावता का? स्टिकर, काळी फिल्म, देवाचं काही? आता धुतल्यावर तर साफ हाय, पण घरी?"

मला संतापच आला. "माझ्या गाडीवर? अहो, मी अंधश्रद्धेच्या विरोधात तालुक्याला भाषणं दिली आहेत! लिंबू-मिरचीसुद्धा कधी बांधली नाही." आणि वर त्याला गोदावरीचा उतार समजावून सांगितला. हातानं उतार दाखवून!

इम्राननं तोंडातली बडीशेप संपवली. मग म्हणाला, "चहा मागवू का, सर?"

परतीला गाडी झकास. काम पुरं झालं. पहाटे ताटाचं उरकलं. सकाळी गाडी सुरू केली.

पिवळा दिवा.

त्या दिवशी मी फोनवर काय काय बोललो ते सांगत नाही. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी दहावीच्या वर्गावरसुद्धा ओरडलो नव्हतो. मॅनेजरला फोनवर बोलावलं. "तुमच्या माणसाला मध्य काढता येत नाही," म्हणालो. "मी येऊन शिकवतो," असंही म्हणालो. स्टाफरूममध्ये सांगितलं, लातूरला भूमितीची फार वाईट अवस्था आहे. तिकडची एक बाई आमच्याकडं विज्ञान शिकवते. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

आणि शनिवारी मुग्धा आली. आल्याबरोबर गाडी सुरू करून बघितली. दिवा बघितला. माझ्याकडं बघितलं.

"किल्ली द्या."

"अगं, आज एकदा शेवटचं..."

"चला. मीच चालवते. आज झालं तर झालं. नाही तर लातूरच्या स्टँडवर तुम्हाला नांदेडच्या बसमध्ये बसवते आणि मी उदगीरवरून तशीच हैदराबादला जाते."

लातूरपर्यंत आमचं बोलणं झालं ते एवढंच. चाकूरला तिनं विचारलं, "आजी कशी आहे?" मी म्हणालो, "बरी आहे. गेल्या रविवारीच चक्कर झाली."

आम्हाला बघून वर्कशॉपमधली माणसं पांगली. इम्रान तेवढा पुढं आला. गाडी धुवायला गेली, मग आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. दिवा नाही! मुग्धानं बाहेरच्या रस्त्यावर फेरी मारून खात्री केली. सगळं चोख.

मी इम्रानचा हात हातात घेतला. वाटेत घेतलेला पेढ्यांचा पुडा त्याला दिला. "आज जमलं तुम्हाला," म्हणालो. "आज मध्य बरोबर निघाला. मी सांगितलं तसे कंस मारले ना?"

तो पायाकडं बघत म्हणाला, "हाव सर."

घरी आल्यावर मुग्धा म्हणाली, "उद्या सकाळी बघू. सकाळी दिवा नसेल तर किल्ली तुमची."

आता तुम्हीच सांगा, असं असताना शहाण्या माणसानं काय करावं? गाडीला हात लावू नये! पण काम पुरं झालं होतं. या वेळी तर खरोखरच पुरं झालं होतं. पहाटे मुग्धा झोपेत आहे असं बघून मी हळूच कडी काढली आणि ताट घेऊन बाहेर गेलो. जरा जास्तच मनापासून उरकलं त्या दिवशी.

मग आलं घालून चहा केला. मुग्धा कप घेऊनच अंगणात आली, गाडीत बसली, किल्ली फिरवली. मी पायरीवरून तिचा चेहरा बघत होतो. तो चेहरा मी तिच्या लहानपणापासून ओळखतो.

"बाबा, मी बॅग भरते."

"दिवा?"

"दिवा."

मी पायरीवरच बसलो. पुढच्या महिन्यात औशाला हॉर्न वाजणार नाही, एवढंच डोक्यात आलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. इम्रान! मुग्धानं फोन हिसकावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, रागावू नका. रात्रभर झोप न्हाई मला. काल तुम्ही पेढे दिले, पण खरं सांगू का? बोर्डाचा स्टँड परवाच मोडलाय. काल आम्ही कॅमेऱ्याला हातच लावला न्हाई. मॅनेजर म्हणले, सरांना सांगू नको, लई चिडतात. दिवा आपोआपच गेला होता. पुन्हा लागला असल तर घेऊन या, स्टँड आला की करून देतो."

"म्हणजे काल तुम्ही केलं काय?" मुग्धानं विचारलं.

"काहीच न्हाई, मॅडम. नुसती धुतली."

"नुसती धुतली?"

"हाव."

मुग्धा गाडीतून उतरली. पुढं आली. बॉनेटवर हात टेकून, टाचा उंच करून काचेकडं बघत राहिली.

"बाबा, इकडं या. हे काय आहे?"

"कुठं?"

"हे."

काचेच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, हळदीवर कुंकू. चांगलं ठसठशीत, अंगठ्यानं ओढलेलं.

"कुणी लावलं?"

भिंतीपलीकडं कदम उभे होते. क्षणभर वाटलं, त्यांचं नाव सांगावं.

"मी."

"तुम्ही?"

"मीच. पहाटे."

"रोज लावता?"

"छे! रोज कशाला लावीन? गाडी लातूरहून नीट होऊन आली, की तेवढं लावतो."

बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

मुग्धाच्या हातातल्या फोनमधून आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग कुणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखा आवाज. मग इम्रान, फार अदबीनं: "सर... तिथं कॅमेऱ्याचा डोळा असतो."

बघा, त्याचीही काही चूक नाही. त्यांच्याकडं येणारी प्रत्येक गाडी कुंकू लावूनच येते. धुणारा धुतो, कोण लक्ष देणार? आणि मला आत बसल्यावर दिसायचं नाही, कारण मधे आरसा आणि कॅमेऱ्याची काळी पेटी. नवी कोरी काच, म्हणून मी मनात मापं घेऊन, डावीउजवीकडचं अंतर सारखं ठेवून, बरोबर तिच्या कपाळावर कुंकू लावत होतो. इम्राननं लेझरनं मध्य काढला, मी नजरेनं काढला. दोघांचाही एकच निघाला! तीस वर्षं भूमिती शिकवल्याचं हे फळ.

कदम भिंतीवरून म्हणाले, "म्हंजे उताराचं न्हवतं तर."

मुग्धा हसत नव्हती. ती काचेकडं बघत होती. "पण आई पण लावायचीच की. तिनं लावल्यावर कधी दिवा लागला नाही."

मी वायपरकडं बघितलं. मग सुचलं.

"तिचा हात इथवर पोचायचा नाही गं."

सुनंदा बॉनेटवर ओणवी होऊन, टाचा उचलून, पोचेल तिथं लावायची. खाली, वायपरच्या वर जेमतेम वीतभर. मी फाटकाशी उभा राहून म्हणायचो, "त्यापेक्षा चाकालाच लाव." म्हणून तर मला वाटलं, माझा हात पोचतो आहे तर निदान आता तरी नीट जागेवर लावावं.

मुग्धानं ओला फडका आणून काच पुसली. दिवा गेला. असा गेला, जसा कधी नव्हताच. मग तिनं घरातून करंडा आणला आणि माझ्यापुढं धरला.

"लावा."

"आता राहू दे."

"काम पुरं झालंय ना? लावा."

मी बोटावर कुंकू घेतलं. हात काचेच्या मधोमध नेला.

"खाली."

खाली आणला.

"अजून खाली, बाबा. आई केवढी होती?"

मी अंदाजानं वाकलो. मध्य वगैरे काही बघितला नाही. लागलं ते एका बाजूला जरा तिरपंच लागलं.

"आता बरोबर," ती म्हणाली.

मग तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "घ्या. गाडी तुमचीच. चालवायला तुम्ही नीट चालवता." करंडा मात्र परत दिला नाही. रुमालात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवला. "पण हे तुमचं काम नाही. गाडीचं काही काम निघालं की मला फोन करायचा. मी येऊन लावीन."

तर असं आहे. गाडी चालवायचा परवाना माझ्याकडं शाबूत आहे. कुंकू लावायचा जप्त झाला. औशाच्या चकरा चालू आहेत. इम्रानचा फोन आला की आधी म्हणतो, "सर, धुऊन बघितली का?" आणि मगच बोलतो. विज्ञानाच्या बाईंची मी लातूरच्या भूमितीबद्दल माफी मागितली. त्यांनी अजून दिलेली नाही.

बाकी गाडी ठणठणीत आहे. फक्त डाव्या वायपरचा बारीक आवाज येतो, दाखवून घ्यावं लागेल, असं मी कालच मुग्धाला फोन करून सांगितलं. आवाज येत नाही. पण सांगितलं.